पॉलिप काढला, आता खाण्यापिण्यानं आत फरक पडतोय का हे मोजायचं कशानं?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाचा.

वय ४४, कोल्हापूर. स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, म्हणजे दिवसभर उभं काम पण चालणं म्हणाल तर मशीन ते चहाचा गाडा. वडील दहा वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेले. निदान झालं तेव्हा ते ५८ चे होते आणि त्याआधी आठ-नऊ महिने मूळव्याध म्हणून औषधं चालू होती, मलम झालं, चूर्ण झालं, कुणीतरी दिलेला काढा झाला, आत बघितलं कुणीच नाही. जाऊ दे, तो विषय काढला की आई अजून दोन दिवस गप्प होते.

तर मागच्या महिन्यात मलाही दोनदा रक्त दिसलं, आणि ह्या वेळी बायकोनं मलम आणूच दिलं नाही, सरळ गॅस्ट्रोच्या डॉक्टरकडं नेलं. कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे नळी घालून आतडं आतून बघितलं. मूळव्याध निघालीच, रक्त बहुतेक तिचंच होतं, पण जाता जाता सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणात, ६ मिमीचा एक पॉलिप, अस्तरावरची छोटी गाठ, सापडला, तो तिथंच तारेच्या फासानं कापून काढला. बायोप्सीत आलंय 'ट्यूब्युलर अ‍ॅडेनोमा, लो ग्रेड डिसप्लेसिया'. डॉक्टर म्हणाले कॅन्सर नाही, निघाला म्हणजे निघाला, वडिलांची हिस्ट्री आहे म्हणून ५ वर्षांनी परत या. मी म्हटलं तोवर काय करू, तर म्हणाले वजन उतरवा, सिगारेट सोडलीय ती सोडलेलीच राहू दे, फायबर खा. बाहेर पंचवीस पेशंट ताटकळलेले, त्यांना तरी किती वेळ धरून ठेवणार.

आता घरातली परिस्थिती. मटण बंद. कोल्हापुरात बुधवार-रविवार मटण बंद म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सकाळी हळदीचं पाणी, दुपारी ज्वारीची भाकरी, रात्री परत ज्वारीची भाकरी. करतोय सगळं, तक्रार नाही. पण लेथवाला माणूस आहे हो मी, जॉब काढला की व्हर्नियर लावून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. दोन महिने हे खाल्लं, आत काही बदललं का नाही हे कशानं कळणार? एका लॅबच्या पॅकेजमध्ये सीईए, ती रक्तातली कॅन्सरची खूण म्हणतात ती, केली ती ३.८ आली, नेटवर कुठं ३ पर्यंत नॉर्मल लिहिलंय कुठं ५ पर्यंत, त्या रात्री डोळ्याला डोळा नाही. आणि आता त्याच लॅबचा रोज फोन येतोय की आतड्यातल्या जंतूंची टेस्ट करून घ्या, रिपोर्टबरोबर डाएट चार्ट फ्री.

तर विचारायचं असं की रक्तात किंवा संडासच्या तपासणीत असं काही असतं का जे खाण्यानं बदलतं आणि ज्यावरून कळेल की आपला धोका कमी झालाय? आणि दुसरं, धाकटा भाऊ आहे पुण्यात, ४१ चा, चार वर्षांपासून शाकाहारी, हाफ मॅरेथॉन पळतो, तो म्हणतो मला काय धाड भरलीय, मी नाही नळी घालून घेणार. त्याला काय सांगू?

आनंदी_आनंद

दादा काळजी करू नका. हळदीच्या पाण्यात चिमूटभर मिरपूड घाला, त्याशिवाय हळद अंगाला लागत नाही. रात्री त्रिफळा. आमच्या मावससासऱ्यांना खूप फरक पडला. सीईए मात्र दर महिन्याला करत राहा, वाढतेय का कमी होतेय ते कळेल.

स्लाइडवाली

दर महिन्याला सीईए कृपा करून करू नका. का ते सांगते.

मी हिस्टोपॅथॉलॉजीत आहे, नागपूरला. म्हणजे स्कोपवाले डॉक्टर जे काढतात ते बाटलीतून ज्यांच्या टेबलावर येतं त्यांच्यापैकी एक. आधी तुमचा पॉलिप कसा दिसला असेल ते सांगते, म्हणजे भीती जरा ठिकाणावर येईल. ६ मिमी म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. फॉर्मलिनच्या बाटलीत तळाला पडलेला असतो, करडा-पांढरट, बघून कुणाला खरं वाटणार नाही की ह्याच्यासाठी माणसाची झोप उडालीय. तो मेणात बसवायचा, ३-४ मायक्रॉनचे काप काढायचे, गुलाबी-निळा रंग द्यायचा. चांगल्या आतड्याच्या ग्रंथी आडव्या कापल्या की मांडून ठेवलेल्या बांगड्यांसारख्या दिसतात, गोल गोल, आणि प्रत्येक पेशीचं केंद्रक तळाशी, एका ओळीत. अ‍ॅडेनोमात ही केंद्रकं लांबुडकी होतात, गडद होतात, पेन्सिली उभ्या करून ठेवाव्यात तशी, आणि एकमेकांच्या अंगावर चढायला लागतात. लो ग्रेड म्हणजे गर्दी झालीय पण रांग अजून पुरती मोडलेली नाही. असल्या गाठीतून कॅन्सर व्हायचा झाला तरी साधारण १० वर्षं किंवा जास्तच लागतात आणि बहुतेक छोटे अ‍ॅडेनोमा तिथवर कधी पोचतच नाहीत. आधी एपीसी नावाचं जनुक बिघडतं, मग केरास, मग पी५३, असा ढोबळ क्रम फीअरन आणि व्होगेलस्टाइन ह्यांनी १९९० मध्ये मांडला, नंतर त्यात बऱ्याच आडवाटा सापडल्या पण मूळ गोष्ट टिकून आहे.

तेव्हा धोक्याची जी खूण तुम्ही रक्तात शोधताय ना, ती तुमच्या आतड्यात होती आणि माझ्यासारख्या कुणीतरी ती मेणात घालून कपाटात ठेवलीय.

आता सीईए. १९६५ मध्ये गोल्ड आणि फ्रीडमन ह्यांना हे प्रथिन आतड्याच्या गाठींत आणि गर्भातल्या बाळाच्या आतड्यात सापडलं, त्यावरून ते नाव. ज्यांचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय त्यांच्यात तो परत डोकं वर काढतोय का ह्यावर लक्ष ठेवायला ही टेस्ट कामाची आहे. निरोगी माणसात कॅन्सर हुडकायला नाही, कारण सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती बऱ्याचदा नॉर्मलच येते आणि सिगारेट ओढणाऱ्यांत, लिव्हर बिघडलेल्यांत उगाच चढलेली असते. ती दोन वेगळ्या मर्यादांची भानगड पण त्यामुळंच, ओढणाऱ्यांसाठी वरची, न ओढणाऱ्यांसाठी खालची. तुम्ही सिगारेट कधी सोडली ते लिहिलं नाहीत. ज्वारीच्या भाकरीनं सीईए हलत नाही आणि मटणानंही हलत नाही. व्हर्नियर लावून भट्टीचं तापमान बघण्यातला प्रकार आहे हा, आकडा कुठला तरी येईलच.

संडासच्या टेस्टचं म्हणाल तर जुनी ऑकल्ट ब्लड टेस्ट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी, आदल्या दिवशीच्या मटणानं किंवा मुळ्यानंसुद्धा पॉझिटिव्ह यायची. नवी आहे तिला फिट म्हणतात, ती फक्त माणसाच्याच हिमोग्लोबिनला धरते, त्यामुळं पथ्य नाही. चांगली टेस्ट आहे, कितीतरी देशांचे तपासणी कार्यक्रम तिच्यावर चालतात. पण ती सांडलेलं रक्त मोजते. तुम्हाला मूळव्याध आहे, ती फसवू शकते, आणि ६ मिमीचा पॉलिप बहुतेक वेळा रक्त सांडतच नाही. तुमची पाच वर्षांनी स्कोप ठरलेलीच आहे तर मध्ये हे कशाला.

जंतूंच्या टेस्टचे पैसे वाचवा. फ्युजोबॅक्टेरियम, कोलिबॅक्टिन हे डीएनए दुखावणारं विष बनवणारा ई. कोलाय ह्यांच्यावर खरंच मोठं काम चालू आहे आणि ते फार रंजक आहे, पण त्यावरून एका माणसाला 'तुझा धोका इतका, तू हे खा' असं सांगायची वेळ अजून आलेली नाही.

हळद : आनुवंशिक पॉलिपॉसिस, म्हणजे आतड्यात ढीगभर पॉलिप होण्याचा आजार, असलेल्या ४४ जणांवर करक्यूमिनची, म्हणजे हळदीतल्या मुख्य द्रव्याची, एक नीट ट्रायल झालीय, २०१८ मध्ये आली, रोज ३ ग्रॅम, वर्षभर. पॉलिपच्या संख्येत आणि आकारात खोट्या गोळीपेक्षा काही फरक नाही. भाजीत घाला, छान रंग येतो.

आबा_मिरजकर

आमचे आजोबा ९१ व्या वर्षापर्यंत आठवड्यातून तीनदा मटण खाऊन गेले. आणि हे डब्ल्यूएचओवाले म्हणतात मटण तंबाखूच्या रांगेत. उद्या म्हणतील पाणी पण पिऊ नका.

वूल्व्हरहॅम्प्टनची_वहिनी

आबा, आजोबांना नमस्कार, पण असं कुणी म्हटलेलं नाही. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये लिऑनला डब्ल्यूएचओच्याच कॅन्सर संशोधन संस्थेच्या २२ तज्ज्ञांनी बसून ठरवलं ते असं की प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, हॅम, बेकन, आपल्याकडं गोव्याचा चोरीस, हे पहिल्या गटात, तंबाखू आहे त्याच. साधं लाल मांस, त्यात बोकडाचं आणि मेंढीचं आलं, ते त्याच्या खालच्या 'बहुधा' गटात. गट म्हणजे पुरावा किती पक्का, धोका किती मोठा ते नव्हे. विजेच्या तारेनं मरतो हे पण पक्कं आणि जिन्यावरून पडून मरतो हे पण पक्कं, म्हणून दोन्ही सारखेच धोकादायक थोडेच. आकडा आला तो रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर धोका १८ टक्क्यांनी जास्त, असा. शंभरातल्या पाचांना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होत असेल असं धरलं तर ते रोज खाणाऱ्या शंभरांत पाचाचे सहा होतील, एवढंच. चिकन, मासे ह्या लाल यादीत नाहीत.

आता पंचगंगाकाठ, तुमच्या मूळ प्रश्नाकडं येते कारण तो मला फार आवडला. मी इथं इंग्लंडात क्लिनिकल ट्रायल्सचा डेटा सांभाळायचं काम करते, डॉक्टर नाही. तुम्ही विचारताय की खाण्यानं बदलणारी खूण असते का. असते की! सगळ्यात गाजलेला प्रयोग २०१५ चा. पिट्सबर्गचे २० आफ्रिकन अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नतालच्या खेड्यातले २० जण घेतले आणि दोन आठवडे ताटांची अदलाबदल केली. अमेरिकनांना मका, डाळी-शेंगा, म्हणजे फायबर दिवसाला १४ वरून ५५ ग्रॅमवर, आणि बिचाऱ्या खेड्यातल्यांना बर्गर-फ्राईज, फायबर ६६ वरून १२ वर. आधी आणि नंतर दोन्ही वेळा स्कोप करून आतड्याचे तुकडे घेतले. दोन आठवड्यांत अमेरिकनांच्या पोटात ब्युटिरेट, म्हणजे फायबर कुजवून जंतू जे आम्ल तयार करतात आणि आतड्याच्या पेशी ज्यावर जगतात ते, अडीचपट झालं, दुय्यम पित्ताम्लं, म्हणजे पित्तापासून जंतू बनवतात ती, अस्तराला त्रास देणारी, ७० टक्क्यांनी उतरली, पेशी विभाजनाचा वेग आणि सूज दोन्ही कमी. तिकडच्यांचं बरोब्बर उलटं, ब्युटिरेट निम्म्यावर आणि पित्ताम्लं चौपट वाढली. दोन आठवड्यांत!

हे वाचून मी स्वतः तीन दिवस नुसता राजमा खाल्ला होता हे प्रामाणिकपणे कबूल करते.

पण थांबा, कारण ह्याची दुसरी बाजू कुणी फॉरवर्ड करत नाही. तुमच्यासारख्याच, पॉलिप काढलेल्या दोन हजारांवर लोकांवर अमेरिकेत चार वर्षं ट्रायल झाली, २००० मध्ये निकाल आला. अर्ध्यांना कमी तेल-तूप, भरपूर फायबर, फळं, भाज्या, सोबत समुपदेशन, अर्ध्यांना एक छापील पत्रक. चार वर्षांनी परत पॉलिप किती जणांत? ह्या गटात जवळपास ४० टक्के आणि त्या गटातही जवळपास ४० टक्के. गव्हाच्या कोंड्याची त्याच वर्षी आलेली ट्रायलही तशीच रिकाम्या हातानं परतली. कॅल्शियमचं १९९९ मध्ये जमल्यासारखं वाटलं, गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्के तर खोटी गोळी घेणाऱ्यांत ३८, लोक खूश झाले, आणि २०१५ मध्ये त्याहून मोठी ट्रायल केली तर काही नाही.

म्हणून खुणा हलल्या म्हणजे आजार हलला असं होत नाही. हे माझ्या धंद्यातलं पहिलं दुखणं आहे.

साधा_प्रश्न

मग वहिनी खाण्याचा काही उपयोगच नाही असं म्हणायचंय का? गोंधळ झाला.

वूल्व्हरहॅम्प्टनची_वहिनी

नाही हो. चार वर्षं हा फार थोडा काळ आहे, वर स्लाइडवाली ताईंनी सांगितलंच की ह्या गोष्टीला १०-१० वर्षं लागतात. पन्नाशीच्या पुढच्या माणसाचं ताट चार वर्षं बदलून काय ते लगेच दिसणार. लाखो लोकांना वर्षानुवर्षं बघितलेले अभ्यास आहेत तिथं चित्र बऱ्यापैकी एकाच दिशेचं आहे : रोजच्या खाण्यात १० ग्रॅम फायबर जास्त असलं तर धोका साधारण १० टक्के कमी. इथल्या ५ लाख ४२ हजार बायकांवर ऑक्सफर्डवाल्यांनी १६ वर्षं नजर ठेवली, ते २०२५ मध्ये आलं, ९७ खाद्यपदार्थ आणि पोषकद्रव्यं तपासली, त्यात सगळ्यात वरती दोनच गोष्टी आल्या. दारूनं धोका वाढतो, रोज २० ग्रॅम जास्तीच्या अल्कोहोलमागं १५ टक्के. आणि कॅल्शियमनं उतरतो, रोजच्या मोठ्या पेलाभर दुधाएवढ्या ३०० मिलिग्रॅममागं १७ टक्के. गोळीचं वेगळं आणि दुधादह्याचं वेगळं असेल, किंवा दूध पिणारी माणसं इतर बाबतीतही वेगळी असतील, ह्याची पूर्ण उकल कुणीच केलेली नाही.

बाकी इथं पन्नाशीला फिटचं पाकीट घरी पोस्टानं येतं. आमच्या ह्यांचं तीन आठवडे बाथरूममध्ये पडून होतं, 'मला हे जमणार नाही' म्हणत होते. काडी फिरवून बाटलीत घालायची, बस. शेवटी मी म्हटलं पाकिटावर तुमचं नाव आहे, माझं असतं तर पहिल्याच दिवशी टाकलं असतं.

भरड_आणि_भरपूर

मी आहारतज्ज्ञ, पुणे. पंचगंगाकाठच्या घरी दोन वेळा ज्वारी चाललीय म्हणून लिहितेय, कारण हा गैरसमज मला रोज दिसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते काढून बघा. १०० ग्रॅममागं फायबर ज्वारीत साधारण १०, बाजरी आणि नाचणीत ११ च्या थोडं वर, आणि चक्कीच्या गव्हाच्या पिठात? तेही ११ च्या वर. चाळून कोंडा टाकला नाही तर पोळीनं काही पाप केलेलं नाही. खरा खड्डा पांढरा भात आणि मैदा, दोन्ही ३ च्या आत. आणि खरी कमाई कडधान्यात, मूग-मटकी १५-१७, हरभरा २५ पर्यंत. त्यामुळं तुमच्या घरच्या वहिनींना सांगा भाकरीवर एवढी भिस्त नको, रोज एक वाटीभर उसळ ताटात पडली तर जास्त काम होईल. मिसळ चालेल का विचाराल, तर मटकी चालेल, वरचा इंचभर कट आणि चार पाव नाही. फायबर एकदम वाढवू नका, पोट फुगेल आणि तुम्ही सगळंच सोडून द्याल. आणि मूळव्याध आहे तर पाणी भरपूर प्या.

मटणाचं. जागतिक कॅन्सर संशोधन निधीची शिफारस आहे शिजवलेलं लाल मांस आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत आणि प्रक्रिया केलेलं जवळजवळ नाहीच. आठवड्याला दोन वेळा, दीडशे-दीडशे ग्रॅम फोडी, ह्यात बसतं. मटणाच्या लाल रंगात हीम नावाचं लोहयुक्त द्रव्य असतं, आतड्यात त्यापासून नायट्रोसो संयुगं बनतात आणि अस्तर दुखावतं, म्हणून प्रमाण. घरचं ताजं मटण आणि पोराच्या पिझ्झ्यावरची पेपरोनी ह्यात मी आधी पेपरोनी काढेन.

आता तुमची मोजायची हौस. मोजा की, पण कंबर मोजा! साधी शिंप्याची टेप. खालची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या मधोमध, म्हणजे बहुतेकांना बेंबीच्या आसपास, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० ही सीमा. पोटाभोवतीची चरबी, त्यातून वाढलेलं इन्सुलिन आणि शरीरभर धुमसणारी बारीक सूज, ह्या वाटेनं लठ्ठपणा आणि मधुमेह आतड्याच्या कॅन्सरशी जोडलेले आहेत. अभ्यासांत त्यासाठी सी-पेप्टाइड, आयजीएफ-१, सीआरपी असलं सगळं मोजतात, तुम्हाला त्याची गरज नाही, टेप आणि वर्षातून एकदा एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, पुरे. एचबीए१सी कॅन्सरची टेस्ट नाही, पण तुमच्या जेवणानं हलणारा आकडा हवा होता ना, तो हलतो. आणि जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, चहाचा गाडा सोडून पुढच्या चौकापर्यंत.

पंचगंगाकाठ

एवढं लिहिलंत सगळ्यांनी, काय बोलू. धागा बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. आबांचं आजोबांचं आलं तिथं मी जरा जोरात वाचलं पण उपयोग झाला नाही.

सिगारेट सोडून १४ महिने झाले. लॅबचा नंबर ब्लॉक केला. टेप लावली, १०१. पहिल्यांदा ९७ आली होती, बायको म्हणाली श्वास सोडा, मग १०१. लेथवर असा जॉब चार मिलिमीटर इकडंतिकडं गेला तर पार्टी उभं करणार नाही आणि इथं चार सेंटीमीटर नुसते श्वासात लपवले होते. रविवारचं मटण परत मंजूर झालंय, बुधवारचं अजून विचाराधीन.

भावाला धाग्याची लिंक पाठवली तर त्यानं एवढंच लिहिलं, 'बघ, फायबर आणि व्यायाम, मी दोन्ही करतो.' आता?

स्लाइडवाली

भावाला म्हणावं पळतोस ते फार चांगलं, पळणं सोडू नको. नुसता बसून राहण्यापेक्षा धोका कमीच. पण वडील तुमचे दोघांचे एकच होते. आई-वडील, भावंडं ह्यांच्यापैकी कुणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या माणसाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी आणि मग दर ५ वर्षांनी. तो ४१ चा आहे, म्हणजे एक वर्ष उशीरच झालाय. शाकाहारी माणसांचे अ‍ॅडेनोमा माझ्याकडं येतात, जैन आडनावाच्या बाटल्याही येतात. ताट बघून पेशी वागत नाहीत नेहमी.

आपल्याकडं हा कॅन्सर पाश्चात्य देशांपेक्षा कमी आहे हे खरं, म्हणूनच सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच तीन आहेत. तरी २०२२ च्या जागतिक अंदाजात भारतात वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण धरलेत. घरात हिस्ट्री असलेल्यानं सरकारच्या पत्राची वाट बघू नये.

आणि एक विचारायचं राहिलं. वडिलांच्या बाजूला अजून कुणाला कॅन्सर होता का? आतड्याचाच असं नाही, गर्भाशयाचा विशेषतः.

पंचगंगाकाठ

काका चांगले आहेत. थोरल्या आत्याची पिशवी काढली होती, मी शाळेत असताना. कशासाठी ते आमच्यात कुणी बोललं नाही, 'बायकांचं काहीतरी' एवढंच. आत्या आता नाही, पण आत्तेभाऊ इचलकरंजीत आहे.

स्लाइडवाली

आत्तेभावाला फोन करा आणि जुने कागद आहेत का विचारा. पिशवी शंभर साध्या कारणांनी काढतात, गाठी असतील, रक्तस्राव असेल, त्यामुळं घाबरू नका. पण तो जर गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर असेल आणि वडिलांचा आतड्याचा, तर लिंच सिंड्रोम नावाची एक आनुवंशिक गोष्ट तपासायला हवी. त्यात डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी जनुकं, एमएलएच१, एमएसएच२ वगैरे, जन्मापासूनच अधू असतात, आणि तसं निघालं तर स्कोप ५ वर्षांनी नाही, वर्षा-दोन वर्षांनी करतात. वडिलांचं ऑपरेशन जिथं झालं तिथं मेणाचा ब्लॉक अजून ठेवलेला असू शकतो. दहा वर्षं झालीत, मिळेलच असं नाही, पण चौकशी करायला काही जात नाही. त्याच्यावर ह्या जनुकांच्या चार प्रथिनांचे डाग देऊन बघता येतं. तुम्हाला खूण हवी होती ना? ही खरी खूण. आणि ही मात्र खाण्यापिण्यानं बदलत नाही.

पंचगंगाकाठ

आठ दिवसांनी लिहितोय. आत्तेभावानं फाईल शोधली, पोटमाळ्यावर होती, वाळवी लागलेली पण रिपोर्ट वाचता येतो. फायब्रॉइड. कॅन्सर नाही. मी वर्कशॉपमध्येच खुर्चीवर बसून पाच मिनिटं काही बोललो नाही, पोरांना वाटलं शॉक बसला. वडिलांच्या ब्लॉकसाठी तरीही अर्ज दिलाय.

आणि भाऊ तयार झाला. आत्याची फाईल ऐकून नाही, आईनं फोन केला. आई वडिलांचं कधी काढत नाही, तिनं काढलं. येत्या शनिवारी आहे त्याची. आता साहेबांचे प्रश्न मलाच येताहेत, आदल्या दिवशी ते पावडरचं पाणी प्यायचं असतं त्यात लिंबू पिळलं तर चालतं का, आणि ज्वारी-बाजरी खाऊन जाऊ का म्हणजे पोट साफ राहील.

भरड_आणि_भरपूर

अरे देवा, उलटं! मी वर जे जे खा म्हटलं ते सगळं दोन-तीन दिवस आधी बंद. उसळी, भाकरी, पालेभाजी, पेरू, तीळ, टोमॅटोच्या बिया, काही नाही. मऊ पांढरा भात, ताक, मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी. आदल्या दिवशी त्यांच्या कागदावर लिहिलंय तेच. लिंबू चालतं, गाळून घ्या आणि गार करून प्या, म्हणजे निदान घशाखाली उतरतं. लाल-जांभळं सरबत मात्र नको, आतमध्ये रक्तासारखं दिसतं.

पंचगंगाकाठ

म्हणजे कोकम गेलं. त्याच्या बायकोनं नेमकी त्याचीच बाटली आणून ठेवलीय. सांगतो.